नवी केस नोंदवताना: आधी कागद की थेट संगणक?

महिलांसाठीच्या मदत केंद्रात नव्याने रुजू झालेल्या एका कार्यकर्तीने विचारले की, पहिल्याच भेटीत संगणकावर नवा फॉर्म उघडावा, की कागदावर टिपून नंतर नोंद करावी.

श्रमाच्या दृष्टीने थेट नोंद सरस ठरते, कारण तीच माहिती दोनदा लिहावी लागत नाही आणि आवश्यक रकाना रिकामा राहिला, तर प्रणाली तिथेच अडवते. शिवाय फॉर्म उघडण्यापूर्वी नाव व मोबाइल क्रमांक शोधला, तर जुनी नोंद असल्यास सापडते; कागदावर ही पडताळणी मागे पडते आणि एकाच महिलेच्या दोन फाइली तयार होतात.

मात्र बोलणाऱ्या महिलेच्या बाजूने पाहिले, तर पारडे फिरते, आणि हा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मारहाणीची हकिकत रकान्यांच्या क्रमाने येत नाही. ऐकणारी व्यक्ती पडद्याकडेच पाहत राहिली की बोलणे आटते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याखालील घटना अहवालात हिंसेची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे लागते, आणि हे तपशील विश्वास बसल्यावरच नीट मिळतात.

गोपनीयतेत कागद कच्चा आहे. संगणकावर प्रवेश मर्यादित ठेवता येतो, अर्थात एकच पासवर्ड सगळे वापरत नसतील तर.

म्हणून रेशन कार्ड किंवा पेन्शनच्या कामासाठी आलेल्यांचा फॉर्म थेट भरावा. हिंसाचाराच्या प्रकरणात आधी ऐकावे, मोजके टिपावे, त्याच दिवशी नोंद करावी आणि कागद कुलुपात ठेवावा. इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या गावातील शिबिरातही कागदच सोयीचा.