आठ महिने डेटिंग अ‍ॅप वापरल्यावर: निळी खूण, 'कॅप्टन' आणि माझा भाऊ

फोंड्यात राहणाऱ्या चाळिशीच्या घटस्फोटित बाईला डेटिंग अ‍ॅप उघडताना फसवणुकीची भीती वाटत नाही, ओळखीचं कोणी दिसेल याची वाटते. मला तिसराच चेहरा आमच्या बँकेतल्या कॅशियरचा दिसला. म्हणून शोधाचं अंतर वाढवलं, आणि तिथून भामटे सुरू झाले.

सगळ्यात मुरलेला निघाला 'कॅप्टन'. मर्चंट नेव्ही, पांढरा गणवेश, बायको वारलेली. गोव्यात ही थाप खपते, कारण इथे वाड्यावाड्यावर एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतोच. रोज सकाळी सातला 'गुड मॉर्निंग', दुपारी एकला 'जेवलीस का'. दीड महिन्याने म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट संपलंय, पण सुटीसाठी कंपनीला पंच्याऐंशी हजार भरावे लागतात, आणि समुद्रातून खातं चालत नाही.

माझा धाकटा भाऊ बारा वर्षं जहाजावर आहे. त्याला चॅट दाखवलं तर तो पोट धरून हसला. "गो ताई, साइन ऑफ झाल्यावर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून जहाज सोडल्यावर, घरी पाठवायचा खर्च जहाजमालकाचा. खलाशांच्या हक्कांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शनमध्येच आहे ते. आणि हा अटलांटिकमध्ये आहे ना? मग ह्याची दुपार तुझ्या दुपारीच कशी होते?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साइन ऑन कुठल्या बंदरात केलंस, म्हणजे जहाजावर कुठे चढलास, असं विचारलं तर 'कॅप्टन' म्हणाला, सिक्युरिटीमुळे सांगता येत नाही, मग, "तुझा माझ्यावर विश्वासच नाही." दुसऱ्या दिवशी गायब.

त्याच्या प्रोफाइलला निळी खूण होती. ती मिळते सेल्फी फोटोंशी जुळली की. नाव, नोकरी, लग्न झालंय की नाही, यातलं काही त्यात तपासलं जात नाही. मी मात्र तिला पोलिसांचा शिक्का समजून बसले होते. तीन महिन्यांचा पैसे भरून घेतलेला प्लॅनही फुकट गेला: 'तुम्हाला कोणी पसंत केलं' या यादीत निम्मे असलेच.

बाकीचे ठरावीक. लंडनहून गिफ्ट पाठवल्याचं सांगून मग पैसे मागणारा 'कस्टम्स'चा फोन लावणारे. ट्रेडिंगवाले जास्त चिवट: ते आधी दोन हजारांचा नफा खरोखर खात्यात काढू देतात, मोठी रक्कम अडकली की 'टॅक्स' मागतात. आणि रात्री व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावून रेकॉर्डिंग करणारे. तिघांनाही अ‍ॅप सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर यायची भारी घाई.

एक गोष्ट उशिरा कळली. समोरच्याने अनमॅच केलं, म्हणजे जुळलेली जोडी तोडली, की माझ्या अ‍ॅपवर चॅटच नाहीसं होतं. त्यामुळे शंका आली की आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. वेळेत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम रोखता येते. गोव्याचं सायबर पोलीस स्टेशन रायबंदरला आहे.

पण माझ्या कसोट्याही चुकतात. वाळपईकडच्या एकाने तीनदा व्हिडिओ कॉल टाळला, मी ब्लॉक करायच्या बेतात होते. निघालं असं की त्याच्या घरी रेंजच नाही, देवळापर्यंत चढून यावं लागतं. चौथ्यांदा मागे देवळाचा दीपस्तंभ दिसत होता आणि तो धापा टाकत होता. रविवारी फर्मागुडीला भेटतोय. भावाला लोकेशन पाठवून ठेवलंय.