सात एकर, एक जोडी आणि ट्रॅक्टरचा हप्ता

उन्हाळ्यात साळ्याचा फोन आला. "भाऊजी, ट्रॅक्टर घेऊन टाकू का? शोरूमवाला म्हणते, पावणेदोन लाख भरा अन् चाबी घेऊन जा."

त्याची जमीन वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, सात एकर. तीही सलग नाही. साडेचार एकरांचा एक तुकडा, अडीचचा दुसरा, मधात लोकांची वावरं आणि शेताकडं जायला पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची पांदण. विहीर आहे, पाणी फेब्रुवारीपर्यंत. कपाशी, सोयाबीन, तूर, सोयाबीनवर मागून चार एकर चना. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी जमीन १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकर. त्या हिशेबानं साळा मोठाच कास्तकार.

फोनवर मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. तो घरी आला तेव्हा त्याला आमच्याच गावातल्या एका घरी घेऊन गेलो. टिनाच्या शेडमध्ये बेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर उभा, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. सीटवर कोंबडी बसलेली. तिला हुसकून मी साळ्याला तासांचं मीटर दाखवलं: ४१२. वर्षाला हजार तास चालेल असं धरून ट्रॅक्टरच्या खर्चाचं गणित मांडायची रीत आहे. इथं वर्षाला दीडशेही भरले नव्हते. मालक सहा-सहा महिन्यांनी हप्ता भरतो आहे आणि ट्रॅक्टर कोंबड्या सांभाळतो आहे.

मग ओसरीवर बसून आम्ही वहीत हिशेब मांडला. खालचे भाव आमच्या भागातले, गेल्या हंगामातले. तुमच्याकडे शे-दोनशे इकडे-तिकडे असतील, ते बदलून घ्या.

भाड्याचा आणि घरचा

आधी भाड्याचा. माती उलटवणारा पल्टी नांगर एकरी १८००, पण आम्ही दर तिसऱ्या वर्षी नांगरतो, म्हणून वर्षाला ६०० धरा. पंजी, म्हणजे ट्रॅक्टरचा कल्टिव्हेटर, दोनदा, सातशे-सातशे. रोटाव्हेटर १४००. पेरणी ९००. एकरी ४३०० झाले, सात एकरांचे तीस हजार. चन्यासाठी चार एकरांवर पुन्हा रोटाव्हेटर आणि पेरणी, ते नऊ हजार. एकूण चाळीस हजारांच्या आत. यात डिझेल, ड्रायव्हर, अवजार, पंक्चर सगळं ट्रॅक्टरवाल्याचं.

आता घरचा. चाळीस-बेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर पावणेसात लाखांना धरला. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे थोडं हलकं झालं आहे. पावणेदोन लाख रोख, पाच लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. सहामाही हप्ता ६६ हजारांवर जातो, वर्षाचे १ लाख ३३ हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये. त्या भावानं वर्षाच्या हप्त्याला पंचवीस क्विंटल सोयाबीन लागतं. एकरी सहा क्विंटल झालं तर चार एकरांचं पीक एकट्या हप्त्यात. आणि हमीभाव बाजारात मिळतोच असं कुठं आहे.

यावर साळ्यानं बरोबर ठिकाणी अडवलं. "पन भाऊजी, पाच वर्षांनं ट्रॅक्टर आपलाच राह्यते ना. भाड्याचे पैसे तं गेले ते गेले."

खरं आहे, म्हणून तोही हिशेब केला. पाच वर्षांनी ट्रॅक्टर साडेतीन लाखांना विकला असं समजू. सव्वातीन लाख किमतीत गेले, एक लाख त्रेसष्ट हजार व्याजात. पाचानं भागलं तर वर्षाला लाखाला दोन-अडीच हजार कमी. त्यावर विमा आणि ऑइल-फिल्टरचे पंधरा हजार. सात एकरांचं स्वतःचं काम सत्तर तासांच्या वर जात नाही. तासाला चार लिटर डिझेल, लिटरला नव्वद रुपये, म्हणजे आणखी पंचवीस हजार. एका बाजूला चाळीस हजार, दुसऱ्या बाजूला एक लाख सदतीस हजार. नांगर, पंजी, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र यांचे दोन-अडीच लाख अजून धरलेलेच नाहीत. शोरूमच्या पावणेदोन लाखांत चाबी येते, अवजारं येत नाहीत.

मधली तूट भरायची तर लोकांची वावरं करावी लागतात. तासाला नऊशे मिळाले तर डिझेल, ड्रायव्हर, घसारा जाऊन पावणेचारशेच्या आसपास उरतात. म्हणजे वर्षाला अडीचशे तास दुसऱ्याचं काम हवं, आणि रोख हप्ता त्यातूनच काढायचा म्हटलं तर साडेतीनशे. तेवढं काम गावात आहे का? साळ्याच्या गावात आधीच नऊ ट्रॅक्टर आहेत. आणि काम मिळालं तरी पैसा लगेच मिळत नाही. "कापूस विकला का देतो" म्हणतात, आणि तसं म्हणणारा आपला चुलता असतो. बँकेचा हप्ता चुलत्यासाठी थांबत नाही.

एक गोष्ट मात्र या आकड्यांत बसत नाही, ती म्हणजे जूनचे आठ दिवस. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो, आणि तेवढा पाऊस सगळ्यांच्या वावरात एकदमच पडतो. मग सगळे एकाच ट्रॅक्टरवाल्याच्या दारात. २०२३ ला पाऊस आला तोच जूनच्या शेवटी. माझा नंबर पाचव्या दिवशी लागला, चौथ्या रात्री झड सुरू झाली, आणि अडीच एकर सोयाबीन जुलै निम्मा सरल्यावर पेरलं. त्या तुकड्यात एकरी अडीच क्विंटलही झालं नाही. घरचा ट्रॅक्टर घेणारे बहुतेक लोक या एका आठवड्यापायी घेतात, आणि मी त्यांना येडं म्हणणार नाही. पण वर्षाला लाखभर रुपये आठ दिवसांसाठी मोजायचे असतील, तर आधी पेरणीपुरता दुसरा बंदोबस्त होतो का ते पाहावं. आता मी उन्हाळवाहीच्या, म्हणजे उन्हाळी मशागतीच्या वेळीच ट्रॅक्टरवाल्याला पेरणीची विसार (आगाऊ रक्कम) देऊन ठेवतो आणि त्याचे पैसे कधी थकवत नाही. रोख देणाऱ्याचा नंबर आपोआप वर सरकतो. पोकरा, म्हणजे सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, २०१८ पासून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत गटांनी भाड्यानं अवजारं देणाऱ्या अवजारे बँका काढल्या, त्यांतली जवळची कोणती खरंच चालू आहे तेही विचारून घ्यावं. काहींची अवजारं अध्यक्षाच्याच वावरात दिसतात, ती गोष्ट वेगळी.

जोडी

ट्रॅक्टर आला म्हणजे बैल गेले, असं बोलणाऱ्यानं डवरण, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण डवऱ्यानं काढायचं काम, केलेलं नसतं. नांगरटीत बैल ट्रॅक्टरपुढे टिकत नाहीत, त्यावर शब्द वाया घालवण्यात अर्थ नाही. पण पेरणीनंतर दोन महिने पऱ्हाटीच्या तासांत, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यांत फिरायचं काम मोठ्या ट्रॅक्टरला जमत नाही. त्याची चाकं तासांत मावत नाहीत, आणि वळायला धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ आठ-दहा फूट जागा लागते. अडीच एकरांच्या अरुंद पट्ट्यात दोन्ही टोकांना ती जागा सोडली तर किती झाडं गेली, मोजून पाहा. काळ्या जमिनीत पावसानंतर ट्रॅक्टर शिरेल इतका वाफसा यायला, म्हणजे माती सुकायला चार दिवस लागले, तर बैल एक-दोन दिवस आधी शिरतात. झडीच्या दिवसांत गवत आणि पीक यांची जी शर्यत लागते, ती त्या दोन दिवसांवर ठरते. तण वाढलं की निंदणाच्या बाया लागतात, आणि ऐन वेळी त्या मिळत नाहीत.

जूला तीन डवरे, मागं तीन माणसं, बैलांच्या तोंडाला मुसकी. दिवसाला तीन एकर सहज निघतात. भाड्याची जोडी दिवसाला हजार-बाराशे घेते, आणि दर वर्षी जोड्या कमीच होत आहेत. आमच्या गावात मी शाळेत होतो तेव्हा पोळ्याला दोन तोरणं लागायची. आता एकच लागतं, आणि त्याच्या शेवटी दोन-तीन ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून उभे राहतात.

जोडीचा चारा घरचा असतो, कुटार (मळणीचा भुसा) आपलंच, कडबा आपला. ढेप, म्हणजे पेंड, तेवढी विकत. मुख्य खर्च माणसाचा. गुढीपाडव्याला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठरवायला बसलं की आमच्याकडे सव्वा लाखाच्या खाली कोणी बोलत नाही, आणि बैलांमागं पहाटे उठणारा माणूस घरात नसेल तर जोडी ट्रॅक्टरच्या हप्त्याएवढीच महाग पडते. दुसरं, बैल म्हातारा झाला की त्याची किंमत शून्य. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नाही, मरेपर्यंत पोसायचा. पोसतोच आपण, पण हिशेबात धरायचं विसरतो. आणि २०२२ ला लम्पी आली तेव्हा जनावरांचे बाजारच बंद होते, ज्याचा एक बैल गेला त्याला दुसरा कुठून आणायचा हे कळेना. एकट्या बैलाला काही काम नसतं.

साळ्याकडे जोडी आहे, गवळाऊ जातीची, एक बारा वर्षांचा आणि एक सहाचा. मोठा या-पुढच्या पोळ्यापर्यंत काढेल. त्याचा खरा प्रश्न ट्रॅक्टरचा नाहीच, दोन वर्षांनी डवरण कशानं करायचं हा आहे. बोलता बोलता हे त्यानंच सांगितलं.

मिनी

म्हणून गाडी मिनीवर आली. वीस ते पंचवीस एचपीचा अरुंद ट्रॅक्टर, नवा साडेचार-पाच लाखांच्या घरात. चार फुटांच्या तासांत तो पऱ्हाटी दीड महिन्याची होईपर्यंत चालतो, पुढं फांद्या मोडायला लागतात. फवारणीचा पंप त्यावर बसतो, छोटा रोटाव्हेटर ओढतो, डिझेल मोठ्याच्या निम्मं. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत तर झाडांखालून फिरायला हाच लागतो. कुंदा आणि हराळी माजलेली भारी जमीन खोल नांगरायला सांगितली की मात्र पुढची चाकं उचलतो. ती नांगरट तीन वर्षांतून एकदा भाड्यानंच करावी.

मिनी घ्यायचा तर तासांचं अंतर पेरतानाच त्याच्या चाकांवर बसवावं लागतं, हे फार जण विसरतात. आमच्या ओळखीच्या एकानं पऱ्हाटी तीन फुटांवर टोबली आणि ट्रॅक्टर जुलैत आणला. त्या वर्षी त्यानं तो फक्त दूध घालायला नेला.

पॉवर वीडर, म्हणजे मागं चालत हातानं धरायचं तण काढायचं यंत्र, हा आणखी एक रस्ता. दोन-तीन एकरवाल्याला ठीक. सात एकरांत त्याच्यामागं चालून दाखवा, संध्याकाळी हातात पाण्याचा तांब्या धरवत नाही.

अनुदान

अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ट्रॅक्टरवर ५० टक्के, पण कमाल सव्वा लाख. बाकीच्यांना ४० टक्के, कमाल एक लाख. अर्ज महाडीबीटीवर. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी ट्रॅक्टर घेतला तर एक रुपया मिळत नाही, आणि "घेऊन टाका, मागून होऊन जाईल" असं सांगणारा माणूस दर तालुक्याला एक असतो. पैसे खरेदीनंतर खात्यात येतात, म्हणजे सुरुवातीची रक्कम खिशातूनच. अनुसूचित जातीच्या बचत गटांसाठी समाजकल्याणची मिनी ट्रॅक्टरची योजना वेगळी आहे, ९० टक्क्यांची, साडेतीन लाखांच्या मर्यादेत. ज्यांना ती लागू आहे त्यांनी वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी तिकडे जावं.

जास्तीत जास्त सव्वा लाख वजा केले तरी साळ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचा हिशेब वर्षाला पंचवीस हजारांनीच सुधारतो. तूट राहतेच. घरात स्वतः ट्रॅक्टर चालवणारा पोरगा असेल, गावात ट्रॅक्टर कमी असतील, वीसेक एकर ठोक्यानं (वर्षाच्या भाड्यानं) मिळत असेल, तर मोठा घ्यावा, बिनधास्त. साळ्याचा पोरगा पुण्यात आहे.

साळ्यानं आता त्याच्या चुलतभावाला विचारलं आहे. त्याचे पाच एकर शेजारीच, दोघांत मिळून एक जुना मिनी. मी दोन अटी घातल्या. एक, कोणाच्या वावरात पहिले हे आत्ताच कागदावर लिहा, एका वर्षी याचं, दुसऱ्या वर्षी त्याचं; पाऊस पडल्यावर भाऊ भाऊ राहत नाही. दुसरी, मिनीनं एक पूर्ण हंगाम डवरून दाखवल्याशिवाय जोडी विकू नको.

हिंगणघाटकडे एक पाहिलेला आहे, सहा वर्षांचा, अडीच लाख म्हणतो. रविवारी जाणार. कागदावरचा कर्जाचा बोजा उतरला का ते पाहायचं, ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनात धूर किती मारतो ते पाहायचं. मीटरवर विश्वास नाही, त्याची वायर काढून ठेवता येते; क्लचचं पॅडल किती झिजलं ते खरं सांगतं. शेवटी रोटाव्हेटर लिफ्टवर उचलून इंजिन बंद करायचं आणि मालकाला म्हणायचं, चहा ठेवा. चहा पिऊन येईपर्यंत रोटाव्हेटर जमिनीला टेकला असेल, तर हायड्रोलिकचं काम निघालं आणि वीस-पंचवीस हजार भावातून कमी.