ईबर्डवर सोसायटीच्या बागेतले पक्षी मोजतोय, काही महिन्यांनंतरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो, ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि पक्ष्यांतलं फार कळत नसेल तरी अडत नाही. फक्त हे पक्षी ओळखून देणारं ॲप नाहीये, मोजून ठेवणारं आहे, एवढं डोक्यात ठेवून घ्या, नाहीतर पहिल्या आठवड्यातच डिलीट माराल.

मी पाऊस संपता संपता सुरू केलं, आता उन्हाळा लागलाय. पुण्यात आमच्या सोसायटीमागे बाग आहे, म्हणजे बाग काय, दोन नारळ, एक उंबर, एक पांगारा, कुंपणाला जास्वंद आणि वॉचमनकाकांनी लावलेला कढीपत्ता. सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसायचं, लिस्ट सुरू करायची, पंधरा मिनिटं जे दिसेल आणि ऐकू येईल ते टाकत जायचं आणि सबमिट, बस्स. वेळ ॲपच मोजतं. तुमच्या भागात त्या दिवसांत जे पक्षी असायची शक्यता आहे त्यांची यादी समोर येते त्यामुळे शोधत बसावं लागत नाही, आणि सेटिंगमध्ये मराठी नावं निवडली की दयाळ, तांबट, शिंजीर अशी आपली नावं दिसतात, आईला पण वाचता येतं.

आता खरी गंमत शेवटच्या प्रश्नात आहे. सबमिट करायच्या आधी ते विचारतं की तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी टाकलेत का. हो म्हटलं की ती लिस्ट पूर्ण धरली जाते, मग त्यात चिमणी नसेल तर आज इथे चिमणी नव्हती हीसुद्धा माहितीच झाली. म्हणून कावळे, पारवे गाळून नुसते भारी पक्षी टाकायचे आणि वर हो म्हणायचं, असं करू नका प्लीज. आमच्या ग्रुपवर धनेश आला की वीस फोटो पडतात, पण कावळे किती होते विचारा, सगळे गप्प. मला स्वतःला तर रोजचेच पक्षी मोजताना जास्त मजा यायला लागलीये, साळुंक्या जोडीनेच हिंडतात, बुलबुल उंबरावर कधी येतात आणि कधी फिरकत नाहीत, हे इतकी वर्षं इथे राहून कधी लक्षात आलं नव्हतं.

आकड्यांबद्दल लोक फार घाबरतात. मोजता आलं नाही तर आकड्याऐवजी एक्स टाकता येतो, म्हणजे होता पण किती ते माहीत नाही. पण शक्यतो अंदाजाने का होईना आकडा टाकाच. थवा असेल तर दहा मोजायचे, तेवढा घोळका डोळ्यात धरायचा आणि असे किती घोळके होतील ते बघायचं. तोच शिंजीर चार वेळा जास्वंदीवर आला तर तो एकच. ब्रिटनमध्ये बिग गार्डन बर्डवॉच म्हणून १९७९ पासून चालू आहे, जानेवारीत एक तास बसायचं आणि एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच आकडा द्यायचा. माझी मावसबहीण तिकडे असते, ती करते. इथे तसं नाही, पूर्ण वेळेत एकूण वेगवेगळे किती असावेत ते लिहायचं.

हिवाळ्यात जरा दमछाक होते. करडा धोबी पाण्याच्या टाकीपाशी शेपटी हलवत बसतो तो सोपा, पण ते बाहेरून आलेले बारके वटवटे, सगळे सारखेच, एक मिनिट धड बसत नाहीत. त्यासाठी नुसतं वटवट्या, जात कळली नाही असंही टाकता येतं, ओढूनताणून नाव द्यायची गरज नाही. आवाजावरून पक्षी सांगणारी ॲप वेगळी असतात, मी एक वापरतो, पण ते म्हणालं म्हणून लिस्टमध्ये टाकायचं नाही, स्वतः ऐकून किंवा बघून खात्री झाली तरच. पांगारा फुलला तेव्हा भोरड्यांचा एवढा थवा उतरला की मी टाकलेला आकडा बघून तपासणाऱ्यांचा मेल आला, हे लोक स्वयंसेवक असतात, नीट विचारतात, मी फोटो जोडला, विषय संपला.

या सगळ्याचं होतं काय, हा प्रश्न सोसायटीत प्रत्येकाने विचारलाय. तर २०२३ चा देशभरातल्या पक्ष्यांचा जो अहवाल आला तो अशाच लिस्टांवर उभा आहे, तीस हजारांहून जास्त लोक, सुमारे तीन कोटी नोंदी, ९४२ जातींचा हिशोब. कोकीळ, मोर, पारवे आणि राखी वटवट्या वाढतायत असं त्यात आहे. चिमणीचं तर २०२० च्या अहवालात आलं होतं की देशभरात मिळून ती बऱ्यापैकी टिकून आहे पण मोठ्या शहरांत कमी झालीये. आमच्या बागेत चिमणी नाहीच, राखी वटवट्या मात्र कुंपणात रोज ओरडत असतो. पारव्यांचं तर बोलायलाच नको, अर्ध्या गॅलऱ्यांना जाळ्या लागल्यात.

एक काळजी घ्या, जागेला नाव देताना फ्लॅट नंबर किंवा बिल्डिंगचं नाव टाकू नका, लिस्ट सगळ्यांना दिसते. मी नुसतं घरामागची बाग, पुणे असं ठेवलंय.

नवीन सुरू करणार असाल तर नोव्हेंबरात ५ ते १२ आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तो मुहूर्त चांगला. तोवर हात बसला की फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणजे जगभर एकाच वेळी होणाऱ्या पक्षीमोजणीचे चार दिवस येतात, भारतात ते २०१३ पासून होतंय. दुर्बिणीचं विचाराल तर घ्यायचीच असेल तेव्हा ८×४२ बघा, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंग ४२ मिलिमीटरची, पण आधी महिना दोन महिने तशीच मोजणी करा, कावळ्या-साळुंक्यांना दुर्बीण लागत नाही. वटवट्यांना लागते, आणि तरी ते कळत नाहीतच.