‘यंदा हॉप्सची टंचाई आहे’: आगाऊ पैसे देण्याआधी हे वाचा

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी, एका वेलीची वाळवलेली फुलं. ठाणे आणि नवी मुंबईत ती विकत घेणारे लोक मोजकेच, आणि त्यातलेही बरेच जण तोंड उघडायला घाबरणारे. आम्हाला गंडवणाऱ्या माणसाचा सगळा धंदा या भीतीवर उभा होता. म्हणून घडलं ते तपशिलासकट लिहिते आहे.

हॉप्स म्हटलं की लोकांच्या भुवया उंचावतात, तेव्हा माझं काम आधी सांगते. मी वर्तकनगरला घरून कोम्बुचा, म्हणजे आंबवलेल्या चहाचं पेय, करते आणि ठाण्यातल्या, खारघरच्या काही कॅफेंना देते. एफएसएसएआयची नोंदणी आहे. अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावं लागतं, त्यावर गेलं की नियमानुसार ते पेय मद्यात मोजतात. दुसऱ्या आंबवणीत, स्कोबी (चहा आंबवणारं विरजण) बाहेर काढल्यावर, लिटरला तीन-चार ग्रॅम सिट्रा जातीचे हॉप्स कापडी पुरचुंडीत बांधून सोडते. पपनस, लिंबाची साल आणि मागे किंचित लिची असा वास उतरतो. गिऱ्हाइकाला हवी असते ती नेमकी हीच बाटली.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्यासारखे दोघंतिघं आहेत, बाकीचे हौसेने घरी बिअर करणारे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्यांनाही माहीत आहे. पण नुसते हॉप्स विकत घेणं हा गुन्हा नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

हा विक्रेता ग्रुपवर बरेच महिने होता. कोणी विचारलं की उत्तरं देणारा, आणि उत्तरं बरोबर असायची. कॅस्केड या जातीच्या हॉप्सची छोटी पाकिटं तो विकायचा. मीही घेतलं होतं एक. माल ताजा, हिरवागार, दोन दिवसांत घरपोच. आधी छोटा व्यवहार चोख करून दाखवायचा आणि मग मोठा हात मारायचा, हा प्रकार चिटफंडवाल्यांपासून चालत आलेला आहे. इथे फक्त पाकिटातली वस्तू वेगळी होती.

जानेवारी २०२५ मध्ये त्याने सामायिक खरेदीची टूम काढली. २०२४ च्या पिकाचे सिट्रा आणि मोझॅक जातीचे हॉप्स, थेट अमेरिकेतून, किलोला ४,८०० रुपये. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल बंदरात लागला की. सोबत इंग्रजी बातमीचं कात्रण: अमेरिकेत हॉप्सखालची जमीन एका वर्षात सुमारे १८ टक्क्यांनी घटली. खाली त्याची टीप, ‘आत्ता घेतलं नाही तर उन्हाळ्यात दुप्पट भाव.’

बातमी खरी होती, आणि त्यामुळेच ती पचली. २०२४ मध्ये अमेरिकेतली लागवड खरोखर तेवढी उतरली. पण ती उतरली कशामुळे, ते त्याने सांगितलं नाही. क्राफ्ट बिअरची भरभराट असताना वॉशिंग्टन, ओरेगन आणि आयडाहोच्या शेतकऱ्यांनी भरमसाट वेली लावल्या. २०२१ पर्यंत लागवड वाढत गेली, मग बिअरचा खप मंदावला आणि गोदामं भरून राहिली. ब्रुअरी तिथे हॉप्स काही वर्षं आधीच करारावर घेऊन ठेवतात, तो करारातला मालही त्यांना उचलवेना. तेव्हा शेतकऱ्यांनी मुद्दाम वेली काढल्या. म्हणजे जमीन घटली ती माल जास्त झाला म्हणून, आणि आमचा माणूस तीच बातमी दाखवून टंचाई विकत होता. अमेरिकेचं कृषी खातं दरवर्षी १ मार्च आणि १ सप्टेंबरच्या शिल्लक साठ्याचे आकडे जाहीर करतं, फुकट वाचायला मिळतात. भाव वाढणार की नाही ते लागवडीचा आकडा आणि साठ्याचा आकडा शेजारी ठेवल्यावर कळतं.

ग्रुपवर एकाने शंका काढली, तर त्याने दुसरी खरी गोष्ट पुढे केली: २०२२ च्या दुष्काळात युरोपचं पीक बसलं होतं. बसलंच होतं. जर्मनीचा हालरटाउ आणि चेक लोकांचा झाटेत्स परिसर त्या वर्षी होरपळला. पण सिट्राचा त्याच्याशी काय संबंध? सिट्रा ही मालकी हक्काची जात आहे, २००८ च्या सुमारास बाजारात आली, ती पिकते अमेरिकेच्या वायव्येला, मुख्यतः याकिमा खोऱ्यात आणि आसपास. बव्हेरियात पाऊस पडला नाही म्हणून याकिमातल्या मालाचा भाव वाढवून सांगणं म्हणजे निव्वळ थाप. खरी टंचाई या धंद्याने पाहिलेली आहे, २००७-०८ मध्ये. वर्षानुवर्षं घटलेली लागवड, युरोपात पडलेलं पीक, आणि त्याआधी ऑक्टोबर २००६ मध्ये याकिमातल्या एका गोदामाला लागलेली आग, असं सगळं एकत्र आलं तेव्हा भाव कित्येक पट झाले. त्या दिवसांच्या गोष्टी जुने लोक अजून सांगतात, आणि असले विक्रेते त्यावरच जगतात.

आणखी एक खूण त्याच्या यादीतच होती. ‘न्यूझीलंडचे नेल्सन सोव्हिन, हंगाम २०२५, तयार माल.’ तारीख जानेवारीची. उत्तर गोलार्धात हॉप्सची काढणी ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर चालते, दक्षिणेत फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. म्हणजे जानेवारीत न्यूझीलंडचा माल अजून वेलीवर. तो काढायचा, साठेक अंश उष्णतेत वाळवायचा, गाठी बांधायच्या, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करायचे, मग जहाज. ‘हंगाम २०२५’ जानेवारीत ठाण्यात पोचणं शक्यच नाही.

माझी मागणी चार किलोची. निम्मे ९,६०० गेले. महिन्याभराने ‘माल न्हावा शेव्याला लागला’ असा निरोप आला आणि उरलेले ९,६०० गेले. त्यानंतर तिसरी मागणी: ड्युटीत फरक पडलाय, वर डिमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढतंय, किलोमागे १,२०० रुपये आज संध्याकाळपर्यंत टाका, नाहीतर कस्टम माल नष्ट करेल. यूपीआय आयडी कुण्या तिसऱ्याच माणसाच्या नावाचा.

माझा मावसभाऊ नेरुळला राहतो आणि उरणला कस्टममधून माल सोडवण्याचं, क्लिअरिंगचं काम करतो. त्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, “अगं ताई, ड्युटी सरकारी चलनाने भरतात, कुणाच्या गुगल पे वर नाही. त्याच्याकडे बिल ऑफ एंट्रीचा नंबर माग. आणि विचार, रीफर आहे की ड्राय?”

बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाचा कस्टमकडे भरलेला कागद, आणि रीफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर. नंबर मागितला. बऱ्याच टाळाटाळीनंतर एक मिळाला. आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर बिल ऑफ एंट्रीची स्थिती कोणालाही बघता येते. त्या नंबराचं, त्या तारखेचं काहीच निघालं नाही. आणि रीफरच्या प्रश्नाला उत्तर आलं, ‘ड्राय कंटेनर मॅडम, हॉप्स वाळलेले असतात ना.’ हॉप्सचा जाणकार म्हणवणारा माणूस हे बोलतो, तिथेच विषय संपला. उष्णता आणि हवा हे हॉप्सचे वैरी. आतल्या लुप्युलिन या पिवळ्या भुकटीतली, कडवटपणा देणारी अल्फा आम्लं त्यांनीच बिघडतात आणि सुगंधी तेलं उडून जातात. म्हणून तर पेलेट नायट्रोजन भरून फॉइलमध्ये बंद करतात आणि थंडीत ठेवतात. उरणच्या उन्हात पत्र्याच्या बंद डब्यात उभे राहिलेले हॉप्स कोण घेईल?

ती तिसरी रक्कम मी दिली नाही. ग्रुपवर लिहिलंही, पण तोवर काहींनी देऊन टाकली होती.

आणि मग, गंमत म्हणजे, माल आला! यामागची चलाखी मला नंतर बँकेत उमगली. कुरिअरने चार पाकिटं, लेबल चकचकीत, ‘सिट्रा, हंगाम २०२४, अल्फा १३.१ टक्के’. आकडा बरोबर वाटतो, कारण सिट्राचं अल्फा साधारण ११ ते १५ टक्क्यांत असतंच. त्यामुळे लेबलवरच्या आकड्याने काही सिद्ध होत नाही. पाकीट मात्र फुगलेलं होतं. चांगलं पाकीट विटेसारखं घट्ट लागतं, किंवा नायट्रोजनवालं असेल तर निदान सील तरी सुबक असतं. हे घरगुती सीलिंग मशीनने वाकडंतिकडं चिकटवलेलं. कापलं तर आत तपकिरी, भुसभुशीत पेलेट आणि जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा वास. हॉप्स जुने झाले की आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, हा वास त्याचा. ताजा पेलेट बोटांत मोडला की हिरवा, चिकट लागतो आणि बोटांवरून वास जाता जात नाही. लेबलवरचा लॉट नंबर मी त्या अमेरिकन पुरवठादाराला ईमेल करून विचारला. असा लॉट आमचा नाही, असं उत्तर आलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणाला, ‘मॅडम, हा लाहोलचा सिट्रा आहे, म्हणून रंग वेगळा.’ हिमाचलच्या लाहोल खोऱ्यात हॉप्स पिकतात हे खरं, १९७० च्या दशकापासून तिथले शेतकरी ते काढतात. पण मालकी हक्काची सिट्रा तिथे नाही पिकत. आणि मग न्हावा शेव्याला अडकलेला कंटेनर काय रोहतांग उतरून आला होता? वाशीच्या एपीएमसीत दर उन्हाळ्यात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत जातो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की आंबा निदान गोड लागतो.

बिलावरचा पत्ता रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्याचा. ट्रान्स-हार्बरने गेले. त्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात. तिथल्या सुपरवायझरने माझ्या हातातला कागद पाहूनच मान हलवली, आधीही लोक येऊन गेले होते. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला. नंबर खरा, पण दुसऱ्याच कुणाचा. सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. या बिलावर २९ होता, म्हणजे कर्नाटक. पैसे देण्याआधी एवढं तपासायला दोन मिनिटं पुरतात. खाद्यवस्तू म्हणून विकत असेल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबरही असाच बघता येतो.

तक्रारीचं सांगते, कारण इथेच बहुतेक जण हात टेकतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट, पाकिटांचे फोटो. बँकेत मात्र अडलं. वस्तू मिळाली आहे ना, मग हा मालाच्या दर्जाचा वाद झाला, असं तिथे म्हणणं पडलं. कुरिअरने कचरा पाठवण्यामागचं कारण हेच. त्यावर तोड निघाली ती खोट्या बिलाने. दुसऱ्याचा जीएसटी नंबर, खोटा पत्ता आणि बनावट लॉट नंबर हे कागद पुढे ठेवले तेव्हा ते फसवणूक म्हणून घेतलं गेलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तक्रारीत तेच लिहायचं.

पोलिसांनी विचारलंच, “हॉप्स म्हणजे दारूचं सामान ना?” मी नोंदणीचा कागद आणि कोम्बुचाची बाटली दाखवली. पुढे काही अडलं नाही. ग्रुपवरचे बाकीचे मात्र आले नाहीत. एकाने तर फोन करून विनवलं, “ताई, माझं नाव कुठे घालू नका हो, आईबाबांना कळलं तर घरातली भांडी बाहेर जातील.” त्याचे पैसे माझ्यापेक्षा जास्त गेलेत.

ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तो कायदा लागू नाही असं मला आधी सांगण्यात आलं, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेल्या कामाला २०१९ च्या कायद्यात सूट आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवली आहे.

सध्या त्या यूपीआय खात्यातली थोडी रक्कम गोठवलेली आहे, माझे सगळे पैसे निघतील एवढी नाही. विक्रेत्याचा नंबर बंद आहे, पण त्याच ढंगाच्या जाहिराती पुण्यातल्या एका ग्रुपवर दिसल्याचं कळलं आहे. या वेळी अमारिलो नावाची हॉप्सची जात आणि ‘युरोपातला दुष्काळ’. जानेवारी ते मार्चमध्ये ज्यांनी पैसे भरले त्यांनी आपापल्या यूटीआरने स्वतंत्र तक्रार करावी, माझ्या तक्रारीत तुमचा व्यवहार आपोआप जोडला जात नाही. पाकिटं फेकू नका, न कापलेलं एक तरी सीलसकट ठेवा. माझी दोन तशीच फ्रीझरमध्ये आहेत, पंचनाम्यासाठी.