‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणून माथी मारलेली पॅकिंगची टेप

घरातल्या जुन्या फोटोंचं स्क्रॅपबुक करायला मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून डबल साइड टेप मागवली. वर्णनात ठळक लिहिलं होतं : अ‍ॅसिड-फ्री, फोटो-सेफ, अ‍ॅक्रिलिक गोंद. तरी मी मुद्दाम विचारलं, रबर बेस्ड तर नाही ना? ‘नाही मॅडम, निश्चिंत राहा,’ असं लेखी उत्तर आलं.

काही महिन्यांत फोटोंच्या कडेने पिवळट रेघ उमटली. मग गोंद पाझरला आणि समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटली. उरलेल्या रोलच्या आतल्या पुठ्ठ्यावरचा स्टिकर नखाने उचकटला, तर खाली दुसरंच लेबल निघालं. पॅकिंगच्या कामाची साधी रबर बेस्ड टेप! पुरावा पाठवला, तर उत्तर आलं, ‘तुम्ही उष्ण जागी ठेवलं असेल, आणि परत करायची मुदतही संपलीय.’ खरी मेख इथेच आहे. गोंदाचे गुण दिसेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. याचा मला अजूनही संताप येतो.

रबरी गोंद हवेतल्या ऑक्सिजनमुळे खराब होतो : आधी मऊ पडून पाझरतो, पिवळा होतो, शेवटी कडक होऊन सुटतो. कागदात मुरलेला डाग सहसा निघत नाही. चांगला अ‍ॅक्रिलिक गोंद त्या मानाने पुष्कळ टिकतो. शिवाय ‘अ‍ॅसिड-फ्री’ खरं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. त्याचा अर्थ पीएच (आम्लतेचं माप) साधारण ७ किंवा जास्त, म्हणजे आम्ल नाही, इतकाच. रबर सिमेंटसारख्या गोंदात गंधक असू शकतं आणि कृष्णधवल फोटोतलं चित्र ज्या चांदीच्या कणांनी बनतं, त्यांच्यावर ते डाग पाडतं. ‘फोटो-सेफ’ तर कुणीही छापावं. म्हणून विक्रेत्याला एकच विचारा : फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट, म्हणजे आयएसओ १८९१६, झाली आहे का? दमट उष्णतेत ठेवून त्या वस्तूने फोटो फिका पडतो का, डागाळतो का, हे त्यात तपासतात. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

हाताने बनवायच्या शुभेच्छा कार्डांसाठी घेतलेली टेपही आधी पांढऱ्या कागदाच्या तुकड्यावर लावून काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवून बघा. पिवळी पडली तर सरळ बाद. न पडली म्हणजे उत्तम, असं मात्र नाही. आणि ज्याची दुसरी प्रत नाही असा फोटो कधीच चिकटवू नका. प्रत काढून ती लावा, किंवा फोटो कॉर्नर (फोटोचे कोपरे अडकवायचे छोटे खिसे) वापरा.

असली टेप आधीच लागली असेल तर अल्बम आजच उघडा. फोटो ओढू नका, हेअर ड्रायरही नको. डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या, आणि कुठे अडला तर तिथेच थांबा.