नव्या पेशीशास्त्रज्ञांसाठी केंद्र उभारताना: प्रत्येकाची सुसज्ज लॅब की सामाईक यंत्रकक्ष?

नुकत्याच रुजू झालेल्या पेशीशास्त्रज्ञांसाठी जैववैद्यकीय केंद्र उभं करायचं ठरलं, की पैसा दोनच ठिकाणी जाऊ शकतो. एक तर प्रत्येकाला भरघोस स्टार्ट-अप ग्रँट द्यायची आणि त्याची लॅब त्याला मनासारखी उभारू द्यायची. नाहीतर लॅब लहान ठेवायच्या आणि कॉन्फोकल (लेसरनं पेशींची चित्रं टिपणारा मायक्रोस्कोप), फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून तपासणारं यंत्र), इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप ही महागडी यंत्रं एका सामाईक कक्षात आणायची. मी दोन्ही पद्धतींच्या ठिकाणी काम केलं आहे आणि आमच्या केंद्राची आखणी झाली तेव्हा या प्रश्नावर मतही दिलं आहे.

स्वतःच्या लॅबच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. मानवी पेशींची जी वाणं (सेल लाइन) आपण नेहमी वाढवतो, त्यांतल्या बऱ्याच वाणांना एक विभाजनचक्र पुरं करायला दिवसभर लागतो. ते सलग टिपायचं तर 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड सांभाळत मायक्रोस्कोप तेवढा वेळ अडकून पडतो. सामाईक कक्षात एवढा मोठा स्लॉट नव्या माणसाला सहजी मिळत नाही. ज्येष्ठांच्या गटांची नावं यादीत आधीच असतात. पहिल्या पाच वर्षांत स्वतःला सिद्ध करायचं असताना आठवडा-आठवडा थांबणं जिवावर येतं.

तरीही माझं मत दुसरीकडे झुकलं, ते एकाच गोष्टीमुळे. पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) असताना आमच्या लॅबचा स्वतःचा कॉन्फोकल होता. प्रकल्पावर नेमलेल्या एक तंत्रज्ञ त्याची निगा राखायच्या आणि यंत्र सुरेख चालायचं. प्रकल्प संपला, त्यांची नेमणूकही संपली. वॉरंटी आधीच उलटली होती. एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, रक्कम यंत्राच्या किमतीपुढे लहान असली, तरी एकट्या लॅबच्या कंटिन्जन्सीत (किरकोळ खर्चाच्या रकमेत) ती बसेना. त्यानंतर कधीतरी कोरड्या लेन्सला ऑइल लागलं आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. चित्रं धूसर यायला लागली, म्हणून विद्यार्थी लेसरची तीव्रता वाढवत गेले. मग पेशी मरायला लागल्या. औषध दिलेल्या मरत होत्याच, कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्याही, मरत होत्या. सीरमची बॅच बदलली, माध्यम नव्यानं बनवलं, मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी केली. पेशी प्रकाशानंच भाजून निघत आहेत, हे दुसऱ्या संस्थेतल्या यंत्रकक्षाच्या प्रमुखांनी चित्रांची एक फाइल बघून सांगितलं. तोवर एका मुलीच्या पीएचडीतले कितीतरी महिने गेले होते. ते आजही मला सलतं.

हे त्या एका लॅबपुरतं नाही, असं मला वाटतं. विद्यार्थी चार-पाच वर्षांत जातो आणि यंत्राची जाण त्याच्याबरोबर जाते. जिथं माणसं बदलत राहणं हाच नियम आहे, तिथं हे जास्तच जाणवतं. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये नव्या गटप्रमुखाला 6 वर्षं मिळतात, काम पटलं तर आणखी 6, मग त्यानं दुसरीकडे जायचं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ईएमबीएल या युरोपीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतही नऊ वर्षांची मर्यादा आहे. दोन्हीकडे सामाईक तंत्रकक्ष आहेत आणि ते चालवायला त्यातले जाणकार आहेत. अमेरिकेत एनआयएच या आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेनं कमी अनुदान पोचणाऱ्या राज्यांसाठी ‘कोब्रे’ केंद्रं काढली, ती पाच-पाच वर्षांच्या तीन टप्प्यांची. नव्या शास्त्रज्ञाला प्रकल्पाचा पैसा आणि मार्गदर्शक मिळतो. त्याला स्वतःचं स्वतंत्र अनुदान मिळालं की तो बाहेर पडतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. तिसऱ्या टप्प्यात भर असतो तो सामाईक सुविधा टिकवण्यावर. आपल्याकडे पुण्याचं एनसीसीएस हे पेशीविज्ञान केंद्र 1986 मध्ये प्राणिपेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणूनच सुरू झालं, आणि देशभरच्या लॅबना पेशी पुरवण्याचं त्याचं काम अजून चालू आहे.

पेशी वाढवण्याची खोली मात्र सामाईक करू नये, असं मी आग्रहानं सांगेन. मायकोप्लाझ्मा साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, नेहमीच्या 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. एकाच्या फ्लास्कमध्ये शिरला की सगळ्यांच्या इन्क्युबेटरमध्ये जातो. म्हणून हूड (पेशी निर्जंतुक हवेत हाताळायची पेटी), इन्क्युबेटर आणि पेशी रोज बघायला एक साधा इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप प्रत्येकाचा आपापला असावा. स्लॉटच्या अडचणीवरही उपाय आहे. रात्रीचे आणि शनिवार-रविवारचे स्लॉट आधी नव्यांना द्यायचे, आणि ते ठरवणाऱ्या समितीत त्यांच्यातलेच निदान दोघे असावेत.

तुमच्या केंद्रात तीन-चारच शास्त्रज्ञ येणार असतील, तर कदाचित हे गणित वेगळं असेल. जवळच्या संस्थेतली सुविधा पैसे भरून वापरता येत असेल, तेव्हाही ते वेगळं असेल. पण दहा-बारा जण येणार असतील तर मी सामाईक कक्षच सुचवेन. फक्त टेंडर काढण्याआधी कक्षप्रमुखाचं आणि निदान दोन तंत्रज्ञांचं कायम पद मंजूर करून घ्या, आणि पुढच्या एएमसीची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच लिहून टाका. ती पदं मंजूर होणार नसतील, तर पैसा सरळ नव्या शास्त्रज्ञांच्या हाती द्या.