ब्लूटूथ ऑक्सिमीटर आणि व्हिडिओ कॉल: सीओपीडीच्या पेशंटला कितपत कामाचे?

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. नागपूरच्या मेडिकल चौकात साधा ऑक्सिमीटर मागितला की बोटाला लावायची चिमटी मिळते, ती रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवते. ब्लूटूथवालाही तोच, फक्त नोंदी आपोआप फोनमध्ये जातात. पेशंट वहीत आकडे लिहीत असेल तर जादा पैसे घालवू नका. मुलं पुण्याला अन् आईबाबा नागपुरात, अशा घरी मात्र तो वसूल होतो. जुन्या अँड्रॉइड फोनवर लोकेशन सुरू नसेल तर ॲपला यंत्र सापडतच नाही, अन् लोक बिघडलं समजून परत करायला निघतात.

खरी भानगड इशाऱ्याच्या घंटेत आहे. ती निरोगी माणसाच्या हिशेबाने ९४ टक्क्यांना लावलेली असेल तर सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटकडे दिवसभर वाजत राहील. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका असतो, त्यांना ऑक्सिजन देताना डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य धरतात. ९१वर घंटा ऐकून घरच्यांनी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) मिनिटाला १वरून ३ लिटरवर नेला, तर कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो आणि स्क्रीनवर मात्र छान ९७ दिसतं. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड कळत नाही. आपला आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. मर्यादा बदलता येत नसेल तर ते ॲप घेऊच नका.

मोजण्याआधी ५ मिनिटं टेकून बसायचं. नेलपॉलिश-मेंदी नसलेलं बोट घालून आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबायचं. डिसेंबरच्या सकाळी बोटं गार पडतात, तेव्हा ८४ दिसलं तर आधी हात चोळून पुन्हा बघा. ऊब येऊनही तेवढंच राहिलं किंवा एक वाक्य दमात पुरं होत नसेल, तर कॉल लावत बसू नका, दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात कूलरच्या झोतात कॉन्सन्ट्रेटर ठेवू नये. ओलाव्याने आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे खडे) खराब होतो, ऑक्सिजनची शुद्धता घसरते.

कॉलसाठी सरकारची ई-संजीवनी फुकट आहे: मोबाइल नंबर, ओटीपी, टोकन, मग प्रिस्क्रिप्शन फोनवर. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, कॉलवर होत नाही, त्यामुळे पहिलं निदान प्रत्यक्षच करून घ्या. पण इन्हेलरची चूक कॅमेऱ्यात नेमकी सापडते. पंप हलवून स्पेसरला (औषध ओढायच्या प्लास्टिकच्या नळीला) लावा, एकदा दाबा, सावकाश ओढा, १० सेकंद श्वास धरा. हे सगळं डॉक्टरांसमोर करून दाखवा. बेडका पिवळा-हिरवा झाला असेल तर पांढऱ्या कागदावर घेऊन ट्यूबलाइटखाली दाखवा, पिवळ्या बल्बखाली रंग कळत नाही.